औटकी

आर्वीच्या स्टँडाबाहेर बाबाची कढई.
आलूबोंडा साडेतीनला होता तेव्हा
बाबाच्या जिभेवर औटकी असायची.
बे औट सात, तीन औट साडेदहा,
कोणी किती खाल्ले, कोणाचे मागचे राहिले,
सगळं डोक्यात. वही म्हणून नव्हतीच.
मी आलूच्या पोत्यावर बसून गणितं सोडवायची.
झारा न थांबवता तो म्हणायचा,
"तिसरं चुकलं, जोस्ने."

मीठ पाहायला पहिला बोंडा तो स्वतः खायचा.
दर घाण्याचा पहिला.
दुपारी उरलेला चुरा, कढीत कालवून.
आणि रात्री, काळं पडलेलं तेल फेकवेना
म्हणून आई त्यातच वांगी परतायची.
पोट सुटलं तेव्हा लोक म्हणाले,
शालिकरामला धंदा मानवला.
आम्हालाही तसंच वाटलं.

यंदा तान्ह्या पोळ्याला
शंभराच्या नोटेवर त्यानं एकशे चाळीस परत दिले.
गिऱ्हाईक भलं होतं, फिरून आलं.
त्याच दिवशी बेसनात मीठ दोनदा पडलं,
आणि पहिला बोंडा खाऊन
तो काहीच बोलला नाही.

सेवाग्रामला डॉक्टरीणबाईंनी
चिठ्ठीच्या पाठीवर मेंदूतली पेशी काढली.
मला ती पऱ्हाटी दिसली, पानं झडलेली.
म्हणाल्या, मेंदूत राखणदार पेशी असतात, कचरा खाणाऱ्या.
अंगावर चरबी चढत गेली, सूज आत पोचली
की त्या चेकाळतात, चांगल्या फांद्याही कुरतडतात.
"म्हंजे बकऱ्या," बाबा म्हणाला.
"तन खायले सोडल्या, अन् पऱ्हाटीच चरल्या."
बाई हसल्या. "तसंच काहीसं.
माणसांचं अजून शोधताहेत. उंदरांचं पाहिलंय.
तेलकट चारा घातला, तर रोजची वाट विसरले."
"उंदरानं काय माहा बोंडा खाल्ला?"
मग गप्प.
एस्टी येईपर्यंत, आणि एस्टीतही.

दिवसाला सहा घाणे, सव्वीस वर्षं.
रात्री मी मोबाईलवर गुणून पाहिलं.
माझ्या डी.एड.ची फी त्याच कढईतली.
आकडा आईला सांगितला नाही.

आता कढईपाशी आई बसते.
मीठ पाहते, आणि थुंकून टाकते.
बाबा पहाटे पाटाच्या कडेनं चालतो,
खिशात फुटाणे, बंडीच्या दोन गुंड्या उघड्या,
दर विजेच्या खांबाला थांबून दम खातो.
मी चार पावलं मागे.
"एक औट औट," तो म्हणतो.
"बे औट सात. तीन औट साडेदहा.
चार औट…"

पाट कोरडा. पलीकडून कोणाची बैलबंडी जाते,
तिच्या धुरळ्यात आम्ही दोघं उभे.
माझ्या तोंडात चौदा.

"सांगू नको वं, जोस्ने," तो म्हणतो,
"इथंच ठेवलं होतं."