अकरा खण

फहाहीलमध्ये तिसऱ्या मजल्यावर
एका खोलीत दोन पलंग, एक लॅपटॉप.
सात ते नऊ माझा, नऊनंतर बोस्त्यांवचा.

मी दिवसभर पाइपांच्या गोदामात.
चार इंची गॅस्केट कुठल्या रॅकवर, कुठल्या खणात,
झोपेत विचारा, सांगेन.
संध्याकाळी काम तेच, माल वेगळा:
सहाशे बारा पुस्तकं, वजन शून्य.
विमानतळावर तीस किलोच्या वर
वडीचा डबासुद्धा काढायला लावला होता;
ही मात्र गुपचूप आली.
काहींना नाव नाही, नुसते आकडे.
एकाच्या लेखकाच्या जागी कुठल्याशा दुकानाचा फोन नंबर.
मी उघडतो, पहिलं पान वाचतो,
नाव, साल, भाषा भरतो.
राहिलं तिथं सॉफ्टवेअर आपणच लिहितं: अज्ञात.
आणि त्याचं त्यात भागतं.

बोस्त्यांव आरोंद्याचा. क्रेनवर.
बापाचा बँड होता, फेस्ताला वाजायचा,
आमच्याकडल्या वरातींनाही.
बहीण फोटो पाठवते पिवळ्या कागदांचे.
चाळीस टनांची तुळई उतरवावी
तसा तो माऊसनं एकेक टिकली
पाच रेघांवर ठेवतो.
मावलं नाही की लाल.
क्लॅरिनेट इथं आणलीच नाही त्यानं.
भिंतीपलीकडे इजिप्तचं कुटुंब, तान्हं मूल.
बोटं गुडघ्यावर चालतात.

मला यातलं कळत नाही.
सा रे ग म, खाली टिंब, वर टिंब,
शाळेत पेटीच्या बाईंनी शिकवलं तेवढंच.
एकदा विचारलं, रेघेला लटकलेली ही काळी वीट कसली?
म्हणाला, "गप रवाचा. चार मात्रा.
हय रिकामो खण चलना नाय.
गप रवाचा झाला तरी लिवचा लागता."

ऑक्टोबरात कंत्राट संपलं.
क्रेन जहाजात चढली, बोस्त्यांव विमानात.
लॅपटॉपवर एक फाइल राहिली: पाय ४.
पाय म्हणजे बाप, त्यांच्या बोलीत.
मी कितीतरी दिवस पावलंच समजत होतो.

गुरुवारी रात्री वाजवून पाहिली.
कॉम्प्युटरला दम लागत नाही,
त्यामुळे वरात जरा घाईत निघाल्यासारखी.
तेविसाव्या खणाशी सगळं थांबलं.
निळी रेघ मात्र पुढे सरकत राहिली
विटेखालून, विटेखालून. अकरा खण.
एसीची घरघर. खिडकीत रिफायनरीची ज्योत.
मी फोटो शोधला:
तिथं वाळवीनं पाडलेलं भोक
आणि भोकातून दिसणारा बहिणीचा अंगठा.
मग सूर परत आला, मधूनच,
जणू इतका वेळ वळणापलीकडे वाजतच होता.

पीडीएफ केली, माझ्या कपाटात घेतली.
सहाशे तेरावी.
लेखकासाठी फोन लावला.
त्यानं सावकाश सांगितलं, मागे कोंबडे:
कायतान पेद्रू फर्नांडिस.
साल? आईला विचारून सांगतो म्हणाला.
भाषेपाशी मी अडलो.
यादी लांबच लांब, उघडी.
विचारलं, बोस्त्यांव, हिची भाषा कुठली लावू?

तिकडून काही खण तो गप.
मग म्हणाला, "जेवलंस काय?"