थाप

सारंगखेड्याच्या पुलावरून एसटी गेली
की खिडकीतून तापीमाईला नाणं पडायचं.
आम्ही खाली, डोहाच्या काठाला,
उघडे, छाती भरून तयार.

उखाकाका म्हणायचा,
बुडाशी दम कोंडतो ना,
तो हवा संपली म्हणून नाही.
शिळी हवा साठली
की आतला राखणदार दारावर थापा मारतो.
थाप ऐकली की वर यायचं,
नाणं पाचाचं असो, नाहीतर चांदीचं.

भटूने राखणदारालाच थाप मारायची ठरवली.
बुडी घेण्याआधी लोहाराच्या भात्यासारखे
तीस-चाळीस श्वास, भराभर.
शिळं सगळं बाहेर.
बोटं हलकी, ओठांना मुंग्या,
तो खाली, आणि वर आमची मोजणी
साठ, सत्तर, ऐंशी.
हसत यायचा, मुठीत दोन-दोन नाणी.
आम्हीही तसंच करू लागलो.

चैत्रातल्या एका दुपारी
एकशे दहापर्यंत मोजलं.
पुढचा आकडा कोणीच बोललं नाही.

काकाने काढला त्याला.
गाळात निवांत बसल्यासारखा होता, म्हणाला.
झटापट नाही, नखांत माती नाही.
मूठ मिटलेली.
थाप पडलीच नव्हती.

पुढे मी नंदुरबारच्या सिव्हिलमध्ये वॉर्डबॉय लागलो.
डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्या मानेवर,
केस संपतात तिथं, बोट टेकवलं :
इथं आत, अंगठ्याच्या पेराएवढं.
रक्त किती आंबट झालं ते चाखत बसतं
आणि पोटावरच्या पडद्याला, बरगड्यांना हुकूम सोडतं.
प्राणवायू संपत आला,
याची दखल फार उशिरा घेतली जाते.
मी स्ट्रेचरची चाकं पुसत राहिलो.

परवा काकाला आणलं. डावं अंग लुळं.
रात्री खाटेशी बसून मोजत होतो, जुनी खोड.
तेरा. चौदा. पंधरा.
मग लांबलचक
काहीच नाही.
सिस्टरला हाक मारायला उठलो,
तेवढ्यात छाती आपली आपण वर आली.
सोळा.

सकाळी विचारलं,
काका, रात्री दम धरला होतास का रे?
वाकड्या तोंडाने म्हणाला,
"मी ते झोपेल व्हतू.
तो जागा व्हता."

मग पाणी मागितलं.
चमच्याचमच्याने पाजलं.
दर घोटाला श्वास थांबायचा,
पाण्याला वाट द्यायचा,
आणि परत निघायचा.