आधी पाणी

पंतनगरात नळाला पाणी येतं पाच-दहाला
आणि पावणेसहाला नळ खोकून गप्प होतो.
तेवढ्या वेळात, मी नाइट संपवून घरी पोचायच्या आत,
अण्णांनी माझा युनिफॉर्म धुवायला घेतला.

नीळ आधी पाण्यात, हे मी सांगायचं राहिलं होतं.
चार थेंब, ढवळून, मग कपडा.
अण्णांनी बाटली थेट कापडावरच धरली,
चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवताना
ब्रश धरायचे तशी,
मनगट न हलवता.

खांद्यापासून खिशापर्यंत निळे ओघळ.
पाठीवर एक डाग, बशीएवढा.
"दोन हात टर्पेंटाइन मारू का?"
अण्णा म्हणाले, आणि मग स्वतःच म्हणाले, नको.

आमटीच्या डागावर चिडता येतं.
हळदीचा उन्हात विरतो.
रक्ताला गार पाणी, हे वॉर्डात पहिल्याच आठवड्यात शिकले.
पण कपडा उजळवायच्या बाटलीतूनच जो आला
त्याला काय बोलायचं?
तो तर चांगल्या घरचा.

घाडीगावकर काकू जिन्यातूनच ओरडल्या, ब्लीच घाल, ब्लीच!
ब्लीचचं मला सांगू नका, काकू.
दिवाळीत मोरी घासताना शिंतोडे उडाले होते
माझ्या काळ्या पँटवर.
भगव्या टिकल्या, मांडीभर.
घासत बसले होते मी तास-दीड तास,
आणि घासायला तिथे काही नव्हतंच,
डाग नव्हता तो,
रंग उठून गेल्याची जागा होती.

इस्त्रीवाला मुनेश्वर म्हणाला, सिरका.
चायनीजच्या गाडीवरून अर्धी बाटली आणली, वीस रुपये,
आत दोन हिरव्या मिरच्या तरंगत होत्या.
त्या गाळून घेतल्या.
अर्धी बादली पाणी, दोन वाट्या व्हिनेगर, रात्रभर.
सकाळी बादलीतलं पाणी आभाळासारखं
आणि कुडता थोडासाच कमी निळा.

दुसरा युनिफॉर्म शिंप्याकडे.
तोच घालून गेले.
मेट्रनने पाहिलं, बोलली नाही, फक्त पाहिलं.
चौदा नंबरचे नाखवा मात्र उठून बसले,
सलाइनचा हात जपून.
"सिस्टर, वळा जरा. ही तर आमची खाडी.
हा ट्रॉम्बेचा धक्का.
इथून आत भरतीला शिरायचं,
आणि हे खिशापाशी आहे ना, तिथे गाळ. तिथे जाऊ नका."

रोज रात्री व्हिनेगर. रोज थोडी खाडी कमी.
नाखवा रोज विचारायचे, पाणी किती उतरलं?
पाचव्या दिवशी चौदा नंबरवर नवी चादर होती.
डिस्चार्ज, म्हणाली वैजयंती.
तरी मी रजिस्टर उघडून पाहिलं.
डिस्चार्जच होता.

आता खिशापाशी एक पुसट सावली आहे तेवढीच,
उजेडात धरली तर दिसते.
ती मी राहू दिलीय. कंटाळा आला, हेही खरं.

काळी पँट माळ्यावर टाकली होती, पोछ्यासाठी.
परवा दोरीवर दिसली.
प्रत्येक टिकलीवर काळा रंग भरलेला,
बारक्या ब्रशने, कापडाचा धागा धरून,
कुठे संपतो ते बोटाला कळतं, डोळ्याला नाही.
अण्णा पेपर वाचत होते. वाचत राहिले.

आणि आज नाइटहून आले तर
मोरीतल्या लाल बादलीवर पांढऱ्या ऑइलपेंटने,
ठळक, वळणदार, उजवीकडे पिवळी सावली दिलेली,
एखाद्या मिठाईच्या दुकानावर शोभेल अशी अक्षरं:

आधी पाणी.
मग नीळ (४ थेंब).
मग कपडा.

खाली, कोपऱ्यात, बारीक,
पाटी पुरी झाली की करायचे तशी
त्यांची सही.