पोटात घालणं

दर दीड तासानं मी लेकीला आईपासून तोडते.
काचेची सुई, केसाहून बारीक,
आणि भिंगाखाली यीस्टची एक फुगीर पेशी,
जिच्या कुशीचा कोंब आता पुरेसा मोठा झालाय.
हलकासा धक्का. लेक सुटते.
वहीत एक काडी.

तार्तूत फेब्रुवारी आहे. खिडकीखाली एमायोगी गोठलीय,
आमच्या भाषेत या नावाचा अर्थ आई-नदी.
संध्याकाळी मी बशा फ्रिजमध्ये ठेवते,
म्हणजे रात्रभर कोणी बाळंत होत नाही.
मला झोप मिळावी म्हणून त्यांचं म्हातारपण थांबतं.
घरी अशी सोय नाही.

डावीकडच्या बशीत साखर दोन टक्के, सणासुदीचं घर.
तिथल्या आया बाविसाव्या, चोविसाव्या खेपेला थकतात.
उजवीकडे अर्धा टक्का. पोटाला चिमटा.
त्या मला एकतिसावी काडीही ओढायला लावतात,
अंगभर बाळंतपणांचे गोल वण मिरवत.

भूक लागली की पेशी घर आवरायला काढते,
असं राइवो नव्या पोरांना सांगतो.
वाकडी झालेली प्रथिनं, विझत आलेल्या चुली,
सगळं दुपदरी पडद्यात गुंडाळायचं
आणि आतल्या मोठ्या पोकळीत नेऊन सोडायचं.
तिथं ते विरघळतं, सुटं होतं,
त्याच विटांची मग नवी भिंत.
स्वतःलाच खाते ती,
आणि त्यावर जगते.

तिसरी बशी मला बघवत नाही.
तिथल्या आयांचा एक जनुक आम्हीच काढून घेतलाय.
उपाशी त्याही आहेत,
पण त्यांना काहीच पोटात घालता येत नाही.
साठत जातं.
सोळाव्या काडीनंतर पान कोरं.

रविवारी हे आईला सांगितलं.
ती शिळ्या काळ्या पावाचं सूप ढवळत होती:
आठवडाभराचे वाळलेले कडे, तुकडे, बेदाणे.
एकोणपन्नासच्या मार्चमध्ये ती सहा वर्षांची होती,
गुरांच्या डब्यातून सैबेरियाला नेलेली.
तिचा डाव थांबला नाही.
"भुकेनं आयुष्य वाढतं म्हणतेस, उर्वे?
हे एन्नला कळायला हवं होतं."
एन्न तिचा धाकटा भाऊ. दुसरा हिवाळा त्यानं पाहिला नाही.

उपास आणि उपासमार,
दोन शब्दांत फरक तेवढ्या माराचा.
बशीतली भूक मी काट्यावर तोलून देते.
तिची कोणी तोलली, ते नाव ती घेत नाही.
पोटात घातलं असेल म्हणावं,
तर ऐंशी वर्षांत काही विरघळलेलं दिसत नाही;
पावाचा चुरा ती अजून तळहातावर गोळा करते,
पाहुण्यांसमोरसुद्धा.

मग वाडगा पुढे सरकवून,
साखरेचा चमचा हवेत धरून तिनं विचारलं,
"दोन टक्के, की अर्धा?"
आणि स्वतःच खदखदून हसली.
मी म्हटलं, दोन.

सोमवारी उजव्या बशीत, सातव्या ओळीतली आई
सदतीस काड्यांवर बसून आहे.
कोंब नाही. तडाही नाही.
राइवो म्हणतो, संपली, लिहून टाक.
मी दीड तास थांबते.
मग आणखी दीड.