खेकड्यांचा हंगाम संपल्यावर

ऑगस्टात कारखाना बंद झाला.
उकळत्या टाक्या पुसून पालथ्या घातल्या,
फाटकाला साखळी लागली,
आणि पर्चर्ड्स कोव्हच्या उतारावर
घरोघरी रबरी बूट उलटे टांगले गेले.
लोरेटाचा खोकला तेवढा कामावरच राहिला.

एकोणीस हंगाम ती वाफेच्या तोंडाशी उभी होती.
खेकड्याचा पाय एका झटक्यात मोडायचा,
पुढचा उचलायचा.
वाफेत तरंगत असायचं काहीतरी,
न दिसणारं, किंचित गोडसर वासाचं.
आधी डोळे चुरचुरले. मग छातीत शिट्टी.
मग रविवारी बरं वाटायचं,
मग रविवारीही वाटेना.

सेंट जॉन्सला डॉक्टर मर्सरबाईंनी
तिच्याच आतला तिळाएवढा तुकडा
काचेखाली धरून दाखवला.
हे गुलाबी ठिपके म्हणजे पहारेकरी, त्या म्हणाल्या.
खेकडा शत्रू आहे असं यांनी एकदा ठरवलं,
आता थंड वाऱ्यावरही धावून जातात.
हे सुजलेलं अस्तर.
हा कफ, खळीसारखा.
‘आणि ही जाड पट्टी?’
‘स्नायू. श्वासनळीभोवती गुंडाळलेला.
सगळ्यांना असतो. तुमचा वाढलाय.’
‘व्यायामानं?’ लोरेटा हसली.
बाई हसल्या नाहीत.
‘तसंच म्हणा. आवळून आवळून.’

साडेचार तासांच्या परतीच्या वाटेवर
ती आपल्या मनगटाकडे बघत होती.
कसलंही झाकण उघडणारं मनगट,
गावात त्याचं नाव होतं.
मी गाडी चालवत होतो.
ते खेकडे मीच आणायचो,
हे आम्हा दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

दोरातलं मला कळतं.
रोज ताण खाल्लेला दोर
नुसता पडून असला तरी वेटोळं सोडत नाही.
सुंभ जळतं, पीळ राहतो,
आणि इथे तर सुंभ जळायलाही तयार नाही,
ओलं, जिवंत,
माझ्या बायकोच्या छातीत दर हिवाळ्यात
एक फेरा जास्त घेतलेलं.

जानेवारीत रात्री तीनला जाग आली.
ती पलंगाच्या कडेला, हात गुडघ्यांवर, खांदे कानांपाशी.
बाहेर बर्फ पडत होता, आवाज न करता.
आत श्वास बाहेर पडायला जागा मागत होता,
आत यायला नव्हे, बाहेर पडायला;
हे मला तोवर माहीत नव्हतं.
पंपाचे दोन फवारे. मग आणखी दोन.
‘दम धर,’ मी म्हणालो,
आणि तोंडातून गेल्यावर
तो शब्द मला फार मूर्ख वाटला.
तिला हसू आलं. हसण्याइतकी हवा नव्हती.

रोजचा तपकिरी पंप ती आता विसरत नाही.
सूज उतरलीय, बाई म्हणाल्या.
स्नायूचं सांगता येत नाही.

एप्रिलात बर्फ फुटला.
‘जा,’ लोरेटा म्हणाली, ‘हप्ता काय मी भरू?’

आता मी किनाऱ्यावरून थेट शेडमध्ये जातो.
कपडे तिथेच पिंपात,
बादलीभर पाणी अंगावर, केसांवर दोनदा साबण.
दात वाजत उभा असतो एकावन्न वर्षांचा माणूस,
स्वतःच्याच अंगाचा वास घेत.
काल ती मागच्या दारापर्यंत आली.
‘किती?’
‘नऊशे किलो.’
तिने मान हलवली, मनातल्या मनात आकडा मांडला
आणि दार लावून घेतलं,
हळू,
फट राहू नये असं.