शेरा : कुलूप

एकतीस वर्षं मी सांगलीची मीटरं वाचली.
खणभागापासून विश्रामबागेपर्यंत
कुठल्या दारातलं कुत्रं चावतं, कुठलं नुसतंच भुंकतं,
कुणाच्या जिन्याखाली मीटरच्या काचेआड पाल राहते,
सगळं पाठ.
माणसं मात्र पाठमोरीच ठाऊक.
"लाईटवाला आलाय," एवढं आत सांगायची
आणि घाईनं पंखा बंद करायची,
जणू तेवढ्यानं आकडा मागं फिरेल.

निवृत्तीच्या पाचव्या महिन्यात आदगोंडा चौगुल्यांनी
एका रविवारी सकाळी मला टाकीमागं नेलं.
महापालिकेची रिकामी जागा. पुराचा गाळ तिथंच बसलेला,
भिंतीवर छातीएवढ्या उंचीला त्याची तपकिरी रेघ.
तेरा माणसं, सात खोरी,
आणि तीन ठिकाणी सायकलच्या ट्यूबनं बांधलेला एक पाईप.
"काय येतं तुम्हाला?" हसीना बागवाननी विचारलं.
"आकडे," मी म्हणालो.
त्यांनी हातात खुरपं दिलं.

त्याच दिवशी मी तांदुळजाचा अख्खा वाफा
तण समजून उपटला.
ओळीनं, स्वच्छ, अगदी सरकारी काम.
कुणी ओरडलं नाही. तेच जास्त लागलं.
हसीनाबींनी ढीग ओच्यात घेतला, मुळं झटकली,
म्हणाल्या, "बरं झालं, आज भाजी काय करावी सुचत नव्हतं,"
आणि एक जुडी मला बांधून दिली.
"लसूण जास्त घाला. चुकीला लसूण लागतो."

पाणी बोटानं मोजायचं असतं,
दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली की पाईप पुढं.
रसवंतीचं चिपाड कुजायला महिने खातं.
देवळातली फुलं आठवड्यात माती होतात,
हारातला दोरा कधीच होत नाही.
तो सोडवायचं काम माझ्याकडं आलं.
दर रविवारी बादलीभर हार आणि मी.
ही स्वेटर उसवायची
तेव्हा लोकर धरून असाच बसायचो.
ती गेल्यावर प्रथमच
हाताला कुणाच्यातरी गाठी लागल्या.

सवयीनं वही केली. वाफा क्रमांक, तारीख, शेरा.
कारल्याच्या वाफ्यात एकोणीस दिवस काहीच नाही.
दार बंद असलं की लिहायचो, तेच लिहिलं:
कुलूप.
हसीनाबींनी वही हातभर लांब धरून वाचली.
"बी रात्रभर भिजवलंवतं का?"
"नाही."
"मग. कातडं जाड, त्यात ही थंडी.
आत हाय की कुणीतर.
तुम्ही लोक एकदा कडी वाजवता आणि जाता."

पौषात वांगी उतरली.
कृष्णाकाठची, जांभळी, देठाला काटे.
माझ्या वाट्याला अकरा. घरात मी एकटा.
दोन भाजली. नऊ पिशवीत घालून संध्याकाळी निघालो,
कुणाला द्यायची माहीत नव्हतं,
पाय आपोआप मीटरांकडं वळले.
पहिल्या घरी पेटीवर दोन ठेवली, गुपचूप आलो.
दुसऱ्या घरी तीन.
तिसऱ्या घरी खिडकीतून कुणी मला पाहिलं असावं.
आत पंखा बंद झाला.
मला एवढं हसू आलं की हातातली पिशवी पडली
आणि दार उघडलं.
"काका? तुम्ही रिटायर झालात ना?"
"झालो."
"मग हे?"
"वांगी आहेत," म्हणालो. "रीडिंग नाही."
ती बाई खाली वाकून माझ्याबरोबर
पायरीवरची वांगी गोळा करू लागली.
तीस वर्षांत तिचा चेहरा
मी पहिल्यांदा समोरून पाहिला.
डाव्या गालावर तीळ आहे.

कारलं अजून आलेलं नाही.
आज चोविसावा दिवस, वाफ्यापाशी उकिडवा बसलोय.
पाईप पुन्हा गळतोय, चौगुले हाका मारतायत.
मघाशी एका जागी माती
एवढीशी उचलल्यासारखी वाटली.
थांबा,
चष्मा पुसतो.