विस्तव

आमच्यात विस्तव जात नव्हता,
एर्नात आणि माझ्यात. सोळा महिने.
कारण सांगण्यासारखं नाही: एक गाय,
तिचं निम्मं दूध,
आणि माझ्या आईबद्दल तिच्या तोंडून निसटलेला एक शब्द.

तरी रोज सकाळी आठाला दहा कमी असताना
आम्ही शेजारीशेजारी उभ्या, सहा नंबरच्या दारापुढे.
वरचं कुलूप माझं, खालचं तिचं.
नियमच तसा. आत एकट्यानं जायचं नाही,
कुणीही. साहेबानंसुद्धा.
नियम लिहिणाऱ्याचा माणसांवर विश्वास नव्हता,
म्हणून त्यानं दोन माणसं नेमली.

दोऱ्यावर लाखेचा गोळा, त्यावर पितळी शिक्का,
शिक्क्यात आकडा एकोणचाळीस.
ती कंदील धरायची, मी बोटानं लाख चाचपायचे.
भेग नाही, ती म्हणायची. भिंतीला.
भेग नाही, मी लिहायचे. वहीत.
दिवसाचं बोलणं तेवढंच.

आत डबे. चहाच्या डब्याएवढे,
पण लेकरू उचलावं तसे दोन्ही हातांनी उचलायचे.
मी डावीकडून मोजायचे, ती उजवीकडून.
मधे कुठेतरी गाठ पडायची
आणि बेरीज जुळायची.
आमचं सोडून सगळं जुळायचं.

देशाचं नाव बदललं त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात
पगार थांबले. मग बिल थकलं म्हणून वीजवाल्यांनी तार सोडवली.
कुंपणावरचे दिवे गेले, दारावरची घंटा मुकी झाली,
मग पहारेकरी, एकेक करून:
कुणी बाजारात बूट विकायला,
कुणी गोठलेल्या इर्तिशवर भोक पाडून मासे धरायला.
मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांना पोरं होती.
मागे राहिला एक कुत्रा, आणि आम्ही दोघी.

फेब्रुवारीत एकजण घरी आला.
सभ्य. बूट दारातच काढले.
साखरेचं पोतं भिंतीला टेकवलं आणि म्हणाला,
कुल्याश आपा, एकच डबा. वही कोण बघतंय आता?
मी म्हटलं, माझ्याकडे एकच किल्ली.
तो हसला. दुसरीचं मी बघतो.
तुमचं तिच्याशी पटत नाही, ऐकलंय मी.
पोतं राहू द्या. घाई नाही.

पोतं राहिलं.
रात्रभर मी त्याच्याकडे बघत होते,
बिनसाखरेचा चहा पीत.
किती वर्षांत मी एवढी साखर एका जागी पाहिली नव्हती.
पहाटे तीनला उठले, गुडघाभर बर्फातून
तिच्या दाराशी गेले. हात वर केला,
तर दार आधीच उघडलं. ती कोट घालूनच उभी.

तिच्या मागे, टेबलाखाली,
तसलंच पोतं.
ती वाकली, माझ्याकडे न बघता पोत्याच्या तोंडावर कंदील धरला.
मी बोटानं गाठ चाचपली.
भेग नाही, ती म्हणाली.
या वेळी मला.

मग तिनं चुलीतला विस्तव बादलीत भरला
आणि आम्ही निघालो सहा नंबरकडे,
बादलीची कडी दोघींच्या हातात.
त्या उबेला पाठ लावून दाराशी बसलो, चार रात्री.
कुत्राही आला.
गायीचा विषय निघाला नाही.
जिल्ह्याला फोन लागला पाचव्या दिवशी,
माणसं आली नवव्या.
साखरेचं काय झालं, ते वहीत नाही.

उन्हाळ्यात एर्ना जर्मनीला गेली,
जिथून तिचे पणजोबा निघाले होते त्या गावाला.
तिथे तिची भाषा कुणाला कळत नाही, असं पत्रात आलं.
किल्ली तिनं सही करून जमा केली.
तिच्या सहीशेजारी माझी.

आता दाराला लाख नाही. कॅमेरे आहेत, कार्डं आहेत,
कुंपण दुहेरी.
नियम मात्र तोच. माझ्याबरोबर एक पोरगा असतो,
कानात वायर, स्वभावानं गोड.
मी रोज बघते त्याच्याकडे.
भांडायला अजून काही सापडलेलं नाही.